हात जाईल एवढं झाकण

बाबांचा पाय होडीत घोट्यापर्यंत रुतला, तेव्हा होडी पाण्यात नव्हती. मांगराच्या कडेला, दोन माडांच्या मधे, गेली पाच वर्षं होती तशीच उभी होती. मे महिन्याची सुट्टी लागून मी घरी आले होते. सकाळचा चहा झाल्यावर जुना दोर शोधायला म्हणून बाबा तिच्यात चढले आणि तांदळाची भाकरी कालवणात मोडावी तसा एक ओला, मऊ आवाज आला.

मी धावले. "लागला काय वो बाबा?"

"माका नाय लागला," पाय हळूच वर काढत ते म्हणाले. "हिका लागला."

पायाला तपकिरी चिखल लागला होता. मी तो बोटावर घेऊन वास घेतला. जुन्या आळंब्यांचा, पावसाळ्यात लाकडाच्या ढिगाखाली येतो तो वास. समुद्राचा त्यात मागमूस नव्हता. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, पण पुढचा सगळा महिना मी त्या वासामागेच होते.

आमचं घर वाघोटण खाडीच्या काठाला, विजयदुर्गाच्या आतल्या बाजूला. घराण्यात होड्या कायमच. माझ्या लहानपणी होती ती लाकडी. दर वर्षी तिला ओढून वर घ्यायचे, तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, सुकलेल्या चुडतांचा जाळ खालून दाखवायचा म्हणजे लाकूड पोखरणारे किडे मरत, मग सांधे बघायचे आणि मुशीचं तेल चोपडायचं. त्या तेलाचा वास आठ दिवस घरात, अंथरुणात, माझ्या दप्तरात असायचा. शाळेत मुली नाक धरायच्या. तरी ते आठ दिवस मला सणासारखे वाटत, कारण तेवढ्या दिवसांत बाबा घरी असत आणि मी त्यांच्या हाताखाली.

१९९८ साली बाबांनी लाकडी होडी विकली आणि ही फायबरची, वीस फुटांची आणली. लाकूड परवडेनासं झालं होतं, होडी बांधणारे हातही कमी होत चालले होते. कारखान्याच्या माणसानं सांगितलं होतं, हिला काही करावं लागत नाही. बाबा ते वाक्य पुढे कितीतरी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "हिका कायएक करूचा लागना नाय." आणि खरंच, कोणी काही केलं नाही.

फायबर म्हणजे काचेचे तंतू आणि ते बांधून धरणारं रेझिन. अमेरिकेत ओहायोतल्या टोलेडो गावी रे ग्रीन नावाच्या माणसानं १९४२ साली काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिनची होडी केली, तेव्हापासून हा प्रकार जगभर पसरला. काच कुजत नाही, रेझिनही कुजत नाही. कारखान्याच्या माणसाचं ते वाक्य खोटं नव्हतं, अर्धं होतं. फायबरचं कवच पातळ असतं, नुसतं ठेवलं तर पाटीसारखं लवतं. ते ताठ राहावं म्हणून आत लांबीच्या दिशेनं लाकडी पट्ट्या बसवतात, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. पट्ट्यांवर फायबर चढवतात, वरून प्लायची जमीन ठोकतात, तिच्यावरही फायबर. वरून पाहिलं तर सगळी काचच. आमच्या होडीत लाकूड आहे हे मला बाबांचा पाय रुतला त्या दिवशी कळलं.

माझा चुलतभाऊ बाळा मालवणात फायबरच्या कामावर काही वर्षं होता. आता तो स्वतःची होडी चालवतो. त्याला बोलावलं. त्यानं हातोडीची मूठ घेतली आणि नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागपर्यंत ठोकत गेला. फणस पिकला की नाही हे बघतात अगदी तसं. चांगल्या जागी टणक आवाज, कुजलेल्या जागी भदभद. बाबा डोळे मिटून ऐकत होते. बाळानं विचारायच्या आधीच ते सांगत, "थंय नाय." मी खडूनं खुणा करत गेले. शेवटी पाहिलं तर खडू लावायचा राहिलेला भाग हातभर होता. दोन ठिकाणी बारीक ड्रिल मारलं, तर भोकातून चहाच्या रंगाचं पाणी आलं आणि येतच राहिलं. पाऊस जाऊन सात महिने झाले होते.

बाळाचं मत पडलं की सोडून द्यावी. नवीन होडी घेणं सोपं पडेल. ते खोटं नव्हतं. पण घरापासून खाडीच्या कडेनं चालत गेलं तर तिवरांच्या कडेला तीन फायबरच्या होड्या पडलेल्या दिसतात. एकीला नाळ नाही, दुसरीत झाडं उगवली आहेत. लाकडी होडी म्हातारी झाली की तिची चूल पेटते, तिच्या फळ्यांचं बाक होतं, गोठ्याचं दार होतं. फायबर एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, त्याचं दुसरं काही सहज करता येत नाही. कोणी पेटवलं तर काळा विषारी धूर होतो आणि काचेची जाळी तशीच उरते. त्या तीन होड्यांचे मालक मला माहीत आहेत, त्यातल्या एकानं तर मला लहानपणी पोहायला शिकवलं. आमची होडी चौथी म्हणून तिथे ढकलायची, हे माझ्या मनाला अजिबात पटेना. मी म्हटलं, आपण करू. बाळा माझ्याकडे, मग बाबांकडे बघत राहिला. बाबा म्हणाले, "ग्रायंडर खंय आसा?"

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. बाळानं आधी होडीला खालून आधार दिले. हे मला सुचलं नसतं. आतली जमीन आणि पट्ट्या काढल्या की कवचात जोर राहत नाही. ते स्वतःच्या वजनानं बसतं, आणि बसलेल्या आकारात नवं फायबर घट्ट झालं की होडी कायमची वाकडी. म्हणून खाली टायर, वाळूची पोती, माडाचे ओंडके. नाळेपासून मागच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत दोऱ्या ताणून दोन्ही सारख्या भरतात ना ते पाहिलं, आणि गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीनं दोन्ही काठ एका पातळीत आणले. यात एक अख्खा दिवस गेला. बाबांचं समाधान होईना. नळीतलं पाणी थरथरायचं थांबेपर्यंत ते श्वास रोखून बघत.

मग कापणं. कडेनं तीन बोटं जागा सोडून ग्राइंडर फिरवायचा, म्हणजे नवी जमीन बसायला काठ उरतो. पातं खोल गेलं तर होडीचं बूडच चिरायचं, त्यामुळे बाळानं पहिली रेघ स्वतः मारली आणि मग यंत्र माझ्या हातात दिलं. नाकाला मास्क, डोळ्यांना चष्मा, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, मनगटाला चिकटपट्टी. तरी काचेची धूळ आत शिरलीच. खाजकुयलीपेक्षा वाईट खाज. अंगाला आधी पावडर फासायची आणि नंतर थंड पाण्यानं आंघोळ करायची. गरम पाणी घेतलं तर ती धूळ कातडीत आणखी मुरते. काकीनं खोबरेल तेल आणून ठेवलं होतं, ते रात्री कामी आलं.

जमीन उचलली तेव्हा आम्ही तिघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

खाली लाकूड नव्हतंच. लाकडाच्या आकाराचं फायबर होतं आणि त्याच्या पोटात ओला, तपकिरी भुगा, वापरलेल्या चहाच्या पत्तीसारखा. काही जागी तुकडे शाबूत दिसत होते, पण त्यांना उभ्या-आडव्या चिरा पडून चौकोनी ठोकळे झाले होते. चिमटीत धरला की त्याची पूड. हे मला ओळखीचं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. या प्रकारची बुरशी लाकडातलं सेल्युलोज खाऊन टाकते, तपकिरी लिग्निन मागे ठेवते, म्हणून लाकडाचा रंग गडद होतो आणि ते असं चौकोनी तडकतं. एक ठोकळा मी डबीत भरून ठेवला, जूनमध्ये मुलांना भिंगाखाली दाखवायला. पट्ट्यांच्या मधल्या जागेत, होडी बुडू नये म्हणून कारखान्यानं ओतलेला पिवळा फोम होता. तो हलका असायला हवा. दोन हातांनी एक तुकडा उचलला तर पिळायच्या गोधडीसारखा जड. पाच वर्षं आम्ही होडी कोरडी ठेवली म्हणत होतो आणि तिच्या पोटात तळं साठलं होतं.

बाबा खुर्चीवरून उठून आले आणि पट्टीच्या पोकळीत हात घालून मूठभर भुगा काढला. "खाऱ्या पाण्यान असा जायत नाय," ते म्हणाले. "ह्या पावसाचा काम."

मी तोवर समुद्रालाच दोष देत होते. आयुष्यभर खारी हवा खाल्लेली होडी, कुजणारच, असा माझा हिशोब. पण बाबांचं बरोबर होतं आणि मी शिकवते तेही तेच सांगत होतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते, हवा लागते, ऊब लागते. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या आत राहिली तर ती वाढू शकत नाही. तीसच्या घरात गेली की फोफावते. पूर्ण बुडालेल्या लाकडात हवा नसते म्हणून तिथे तिचं चालत नाही. आणि मीठ तिला मानवत नाही. शिडाच्या जहाजांच्या दिवसांत परदेशातले सुतार जहाजाच्या फासळ्यांमधल्या पोकळीत मुद्दाम मीठ भरून ठेवत. समुद्रात लाकडाचे शत्रू वेगळे. शिंपल्याच्या जातीचा एक लांबट किडा आतून बोगदे करत जातो, त्याच्यासाठीच तो चुडतांचा जाळ असे. कूज मात्र गोड्या पाण्याची.

त्या रात्री मी वहीवर गणित केलं. होडी वरून आठेक चौरस मीटर. आमच्याकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एका पावसाळ्यात या होडीत चोवीस हजार लिटर पाणी पडतं, दोन मोठे टँकर. वरची ताडपत्री दुसऱ्याच वर्षी फाटली होती. मधे पाण्याचा फुगा धरायचा, कोणीतरी जाता-येता काठीनं तो ढोसायचा, एवढीच तिची निगा. त्या पाण्यापैकी आत किती शिरलं? जमिनीवर बाकं, हुक, पेट्रोलच्या टाकीचा पट्टा, असं काय काय स्क्रूनं ठोकलेलं होतं. प्रत्येक स्क्रूचं भोक थेट प्लायमध्ये. काचेच्या पिशवीला टाचणीनं पाडलेली तीस-चाळीस भोकं. पाणी आत जायला तेवढी पुरतात. बाहेर यायला मात्र एकही वाट नव्हती, कारण पट्ट्यांना खालून नाले ठेवलेलेच नव्हते. लाकूड भिजणं यात नवल काहीच नाही. लाकडी होडीही दर वर्षी भिजायची. ती वाळायचीही.

दुसऱ्या दिवशी भुग्याच्या बादल्या माडाच्या मुळाशी ओतताना बाबा एकदम म्हणाले, "लाकडाच्या होडयेक मी दर वर्साक तेल दिलंय. पोटाखाली निजान एकेक सांधो बगलंय. ह्या होडयेन वीस वर्सा घर चलवल्यान, तुझा शिक्षण केल्यान. आणि हिका मी एकदाय उपडी करून बगूक नाय, गो."

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला सांगितलंच होतं तसं."

"सांगणारो सांगतलो. आपलो हात खंय गेल्लो?"

यावर मी काय बोलणार. ते शहात्तर वर्षांचे आहेत. मी बादली उचलली आणि गेले.

वाळवण्यात बारा दिवस गेले. कोकणातल्या मे महिन्यात ऊन कडक, पण हवाच ओली. वाळल्यासारखं वाटतं आणि वाळलेलं नसतं. बाळानं सोपी युक्ती केली. पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा कवचाला चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून पाणी आहे. नऊ सकाळी दव दिसलं. दहाव्या सकाळी प्लास्टिक कोरडं निघालं, तरी बाबांनी आणखी दोन दिवस थांबवलं.

त्या मधल्या दिवसांत एका संध्याकाळी बाबांना घेऊन गिर्याच्या बाजूची जुनी गोदी बघायला गेले. मराठ्यांच्या आरमाराची. खाडीच्या काठाला खडक फोडून केलेली. आता गाळानं बरीच भरली आहे, बाजूनं झाडी वाढली आहे. लहानपणी आम्ही तिथे खेकडे पकडायला जायचो तेव्हा तिचं काही कौतुक नव्हतं. आता होडीच्या पोटात पंधरा दिवस काढल्यावर ती वेगळी दिसली. जहाज पाण्यात असलं की त्याचा जो भाग कधी दिसत नाही, तो बघता यावा म्हणून माणसांनी एवढा काळा दगड फोडला. पावसाळ्यात दर्या बंद, गलबतं वर ओढलेली, आणि ते चार महिने लाकडाची तपासणी. बाबा कडेच्या दगडावर बसून राहिले. परत येताना म्हणाले, की त्यांचा आजा होडी ओढली की आधी तळाला नुसता हात फिरवायचा, डोळ्यांनी बघायचा नंतर.

प्लाय आणायला कणकवलीला गेलो. दुकानदार ओळखीचा, त्यानं आधी विचारलं, "सातशे दहा पाहिजे की साधं?" आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. त्याचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो, तेव्हा तो शिक्का मिळतो. हे ऐकायला मोठं वाटतं, पण बाळानं तिथेच एक गोष्ट सांगितली ती महत्त्वाची होती. उकळून सुटत नाही तो डिंक. लाकूड ते लाकूडच, ओल धरून ठेवली तर मरीन प्लायही कुजणार. मी विचारलं, मग लाकूड घालायचंच कशाला, पीव्हीसीचे बोर्ड मिळतात. त्यावर बराच खल झाला. पट्टीत लाकूड हे बहुतेक आकार देण्यापुरतं असतं, खरा भार वरचं फायबर उचलतं, हेही बाळा सांगत होता. पण जमिनीला स्क्रू धरणारं, पायाखाली न लवणारं काहीतरी हवं होतं, आणि आमच्या खिशाला जमणारं. शेवटी प्लायच ठरलं. जमिनीला बारा मिलिमीटरचं, पट्ट्यांना अठराचे दोन थर एकत्र चिकटवून. बाबांना सागवान हवं होतं. सागात तेल असतं, त्यामुळे त्यावर रेझिन नीट धरत नाही, हे त्यांना पटायला वेळ लागला. ज्या तेलासाठी साग आयुष्यभर नावाजला, तेच तेल इथे आडवं येत होतं.

कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेनं रबराच्या झाडाच्या लाकडाच्या होड्या करून पाहिल्या, हे मला या निमित्तानं वाचायला मिळालं. रबराचं लाकूड तसं लवकर कुजणारं, स्वस्त. पण त्यांनी आधी लाकडात कुजरोधक रसायन मुरवलं आणि मग वरून फायबर चढवलं. म्हणजे लाकूड झाकायच्या आधी त्याची काळजी घ्यायची असते, हे ठाऊक असलेली माणसं आपल्याच देशात होती. आमच्या होडीच्या पोटातलं प्लाय साधं होतं आणि खालच्या बाजूला, जिथे कोणाची नजर जाणार नाही तिथे, त्याला रेझिनचा एक हातसुद्धा नव्हता. तिथला कोरा भाग मी पाहिला तेव्हा मला राग आला. अजून येतो. दहा मिनिटांचं काम कोणीतरी वाचवलं होतं.

रेझिनचं काम पहाटे. दुपारी पस्तीस अंशांत ते दहा-बारा मिनिटांत आटतं. पॉलिएस्टर रेझिन मधासारखं, त्यात आधी जांभळा कोबाल्ट, म्हणजे आटण्याला वेग देणारं रसायन, थोडा ढवळायचा, तो पूर्ण मिसळला की मगच हार्डनर, शेकडा एक-दीड भाग. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही ओतायचे नाहीत, भडका उडतो. बाळानं दोन्ही बाटल्या मांगराच्या दोन टोकांना ठेवल्या होत्या आणि त्या एकाच माणसानं हाताळायच्या असा नियम केला. तरी तिसऱ्या दिवशी घात झालाच. ऊन वर आलं होतं, एवढं संपवून टाकू म्हणून मी मोठी बादली एकदम कालवली. अर्धं रेझिन वापरून होतं तोवर बादली तापली, धूर निघाला, आणि उरलेलं आमच्या डोळ्यांदेखत तडकून दगड झालं. बाळानं ती बादली काठीनं ढकलून वाळूत नेली. त्यानंतर आम्ही नारळाच्या दोन करवंट्या भरतील एवढंच एका वेळी कालवत होतो.

जुन्या फायबरवर नवं नुसतं ठेवून चिकटत नाही. जाड पॉलिश पेपरनं, चाळीस नंबरच्या, घासून चमक पूर्ण घालवायची, ॲसिटोननं पुसायचं, मग त्याला पकडायला खरबरीत जागा मिळते. साडेचारशेचं मॅट, म्हणजे काचतंतूंची चटई, चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅम वजनाचं, फाडून घ्यायचं, कापायचं नाही. फाडलेल्या काठाचे तंतू बाजूच्या तुकड्यात मिसळून जातात. रेझिन लावलं की पांढरं मॅट हळूहळू पारदर्शक होतं, आणि खाली लाकडाची रेघ दिसू लागते. मग लोखंडी रोलरनं हवा काढायची. काढलेली नाही तिथे पांढरा ठिपका राहतो. हे काम मला इतकं आवडलं की मी कोणाला रोलर देईना. प्लायच्या सहाही बाजूंना, काठांनासुद्धा, आधी पातळ रेझिन पाजलं. जिथे नजर पोचणार नाही तिथे दोन हात.

रेझिनमधल्या स्टायरीनच्या वासानं डोकं जड व्हायचं, म्हणून दर अर्ध्या तासाला माडाखाली जाऊन बसायचं. काकी कोकम सरबत आणून द्यायची.

एक गोष्ट मला पुस्तकातून ठाऊक असती तरी हाताला लागल्याशिवाय कळली नसती. पॉलिएस्टर रेझिन आतून घट्ट होतं, पण जो पृष्ठभाग हवेला लागलेला असतो तो दिवसेंदिवस चिकट राहतो. हवेतला ऑक्सिजन त्याला आटू देत नाही. थरावर थर चढवायचे असतील तोवर हे चांगलंच, नवा थर त्यात मिसळून जातो. शेवटच्या थरात मात्र थोडं मेण घालतात. मेण वर तरंगून येतं, साय धरावी तसं, हवा अडवतं आणि खालचं सगळं रात्रीत टणक होतं. त्या सकाळी मी जमिनीवर तळहात ठेवला आणि तो सहज उचलला गेला. बाबांनी अनवाणी उभं राहून पाहिलं, एका पायावर, मग दुसऱ्या. इंजिन टांगायची मागची फळीही खालून ओली निघाली होती, ती तीन दिवसांत बदलली. तिथे सांगण्यासारखं काही नाही.

खरा वाद झाला तो झाकणांवरून. पट्ट्यांना खालून आम्ही नाले ठेवले होते, पीव्हीसीचा पाइप उभा चिरून. म्हणजे कुठूनही आलेलं पाणी वाहत मागे येईल आणि बुचातून बाहेर जाईल. ओतलेल्या फोमऐवजी घट्ट बुचाचे रिकामे वीस लिटरचे कॅन आडवे घातले. प्रत्येक कॅन वीस किलोच्या आसपास तोलून धरतो, आणि काढून बघता येतो. एवढं झाल्यावर बाबा म्हणाले, जमिनीला चार झाकणं पाहिजेत, हात जाईल एवढी. बाळाला ते मान्य नव्हतं. कामाच्या दृष्टीनं त्याचं बरोबरच होतं. प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला दार, आपण महिनाभर भोकं बुजवली आणि आता चार मोठी पाडायची? जमीन अखंड असेल तर मजबूत असेल. कारखान्यातूनही होडी अशीच येते.

"म्हणानच," बाबा म्हणाले.

ते नेमकं कशाला "म्हणानच" म्हणाले हे बाळाला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं गोल कटर काढला. झाकणाच्या काठांना उघडं प्लाय राहू नये म्हणून आधी मोठं भोक पाडून, कड रेझिननं भरून, त्यात पुन्हा भोक, अशी त्यानं स्वतःच दुप्पट मेहनत घेतली. सगळ्या स्क्रूंनाही तेच केलं. मोठं भोक, रेझिनचा भराव, त्यात बारीक भोक, त्यात स्क्रू. प्लायला लोखंड लागतच नाही. स्क्रू पेलतो तो घट्ट झालेल्या रेझिनमध्ये.

आगोट तोंडावर आली. एक जूनपासून यंत्रावरची मासेमारी दोन महिने बंद, तेव्हा होडी पाण्यात टाकायची घाई नव्हती. तिच्यावर बाबांनी ताडपत्री घालू दिली नाही. मांगराची एक बाजू पुढे वाढवून, बांबूच्या वाशांवर झापं टाकून तिला छप्पर केलं, दोन्ही टोकं उघडी, वारा आरपार. नाळ वीतभर वर, मागची बाजू खाली, बूच काढून ठेवलेलं. मी कणकवलीला परत गेले, शाळा सुरू झाली. डबीतला ठोकळा मुलांच्या हातात पूड होऊन गेला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रविवारी घरी आले. चार दिवस पाऊस थांबला नव्हता, खाडी लाल झाली होती. अंगणात बाबा नव्हते. होडीत होते, गुडघ्यांवर, बाही खांद्यापर्यंत सरकवलेली, आणि नाळेकडच्या झाकणातून हात पूर्ण आत. मी छत्री मिटून छपराखाली गेले. बाळा बॅटरी धरून उभा होता.

बाबांनी हात बाहेर काढला आणि बोटं बाळाच्या उजेडात धरली. मधल्या दोन बोटांना ओल होती. त्यांनी जिभेला लावून पाहिली.

"गोडा."

बाळानं वर पाहिलं. छपराच्या एका झापातून थेंब येत होता आणि बरोबर नाळेच्या कड्याच्या स्क्रूवर पडत होता. तो स्क्रू आमच्या हातून राहून गेला होता. जुनाच होता, जुन्या भोकात. मी दप्तरातून खडू काढून दिला. बाबांनी त्याच्याभोवती गोल काढला, बाळानं झाप सरकवलं, आणि चिंधी घेऊन बाबा पुन्हा झाकणातून हात घालून आतलं पुसू लागले.